कुठलं तेल ते सांगायचं राहिलं

या अंकाच्या संपादकांची गाडी बरीच वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला येते. त्यामुळे "आंतोनमेस्त्री, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या," असं ते म्हणाले तेव्हा मला अंग काढून घेता आलं नाही. त्यांना गमतीजमती हव्या होत्या. त्या माझ्याकडे आहेत, पण हल्ली सांगायचा कंटाळा येतो. गुडघे कुरकुरतात, गाडीखाली शिरताना बाहेर कसं यायचं याचा आधी विचार करावा लागतो, आणि हायवे चौपदरी झाल्यापासून माझं बांद्याचं गॅरेज रस्त्याच्या खालच्या अंगाला पडलंय. वरून गाड्या पळतात, खाली नुसता त्यांचा आवाज येतो. ज्याला मी ठाऊक आहे तोच खाली उतरतो.

उतरणाऱ्यांपैकी एखादा तरी महिन्यातून एकदा खिशातून मोबाईल काढतो आणि मला चित्र दाखवतो. चित्रात लाल नाहीतर निळ्या रंगाचा, शंकूच्या आकाराचा एक एअर फिल्टर असतो.

"मेस्त्री, हो लावलो तर गाडी जास्त धावतली?"

"नाय."

"पण कित्याक?"

"कंपनीचो ठेव."

संपलं. मी कमी बोलतो. "आंतोन तीन शब्दांत गाडी बरी करता," असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. मीही ती ख्याती जपली. फोनवर तर मी आणखी तुटक बोलतो, कारण फोन बहुधा मी गाडीखाली असतानाच वाजतो. पण यंदा त्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो. द्यायला हवं होतं तेव्हा दिलं नाही, म्हणून देतो.

गाडीला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, हवा लागते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. खरं तर पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी जास्त लागते. टर्बो म्हणजे इंजिनाच्या अंगावर बसवलेला एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. चुलीत फुंकणीनं वारा घातला की जाळ उठतो, तसंच ते. हा पंखा मुठीत मावेल एवढा, पण त्याचा वेग असा की साधा वाळूचा खडा तोंडात गेला तरी पातं मोडतं. म्हणून त्याच्या आधी फिल्टर लागतो.

कंपनीचा फिल्टर काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद असतो. आत घड्या घातलेला कागद. डब्याला लांब नाक असतं आणि ते पुढच्या जाळीमागे उंचावर उघडतं, म्हणजे थंड हवा आत येते आणि रस्त्यावरचं पाणी येत नाही. चुकून थोडं आलंच तर ते निघून जायला डब्याच्या बुडाला भोक ठेवलेलं असतं. ज्यानं कुणी तो डबा आखला त्यानं आमच्याकडचा आषाढ बघितलेला असावा. डबा दिसायला मात्र कुरूप. त्यात बघण्यासारखं काही नाही आणि ऐकण्यासारखं तर मुळीच नाही, कारण आवाज गिळणं हे त्याचं अर्धं काम.

बाहेरून आणून लावतात तो फिल्टर उघडा असतो. सुती कापडाच्या घड्या, त्यांच्या आतबाहेर बारीक तारेची जाळी, आणि कापडाला लावलेलं एक खास पातळ तेल. धूळ त्या तेलाला चिकटते. कागदाचा फिल्टर भरला की टाकायचा, हा धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल लावून वापरायचा. हवा यातून जास्त मोकळी जाते हे खरं आहे. पण तो बसतो बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत, आणि तिथली हवा तापलेली. तापलेली हवा विरळ, म्हणजे एका हातानं मिळवलं ते दुसऱ्या हातानं गेलं. शिवाय किती हवा दाबायची हे आता गाडीतला कंप्युटर ठरवतो. त्याची गणितं बदलल्याशिवाय नुसतं दार रुंद करून फारसं काही हाती लागत नाही. बदलतो तो आवाज. पाय दाबला की टर्बो सूं करून हवा ओढताना ऐकू येतो, पाय काढला की फुस्स करतो. कंपनीच्या डब्यात हे सगळं चालू असतंच, पण आपल्याला कळत नाही.

नुकसान कुणाचं झालं नाही असं नाही. चिरेखाणीवर रोज जाणाऱ्या एकाच्या टर्बोत मी तांबड्या धुळीचा थर पाहिलाय, कारण त्यानं वर्षभर फिल्टर धुतलाच नव्हता. दुसऱ्या एकानं थंड हवेच्या हौसेनं फिल्टर पार बंपरमागे खाली नेऊन बसवला आणि ऑगस्टात कॉजवेवरच्या पाण्यात गाडी घातली. इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढलं आणि आतला दांडा वाकला. पण या दोघांच्या गोष्टी मी गिऱ्हाइकांना फारशा सांगत नसे. मी सांगायचो ती सदाची. ती सांगितली की माणूस मुकाट्यानं मोबाईल खिशात घालायचा.

सदा राऊळ शिरोड्याचा, लाल बसचा ड्रायव्हर. त्याची बस एकदा माझ्या दारात बंद पडली, तेव्हापासूनची आमची दोस्ती. नोकरीतली त्याची बरीच वर्षं वैभववाडीहून करूळचा घाट चढून गगनबावड्याला जाणाऱ्या बसवर गेली. बायको सुमन शिरोड्यालाच राहिली. माड होते, गाय होती, सासू अंथरुणाला खिळलेली होती. सदा आठवड्यानं घरी यायचा आणि तिला घाटाच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या वळणावर धुकं अंगावर येतं, माकडं कुठे बसून असतात, माथ्यावरून मागे वळून बघितलं की खाली सगळं कोकण कसं दिसतं. सुमनवहिनींनी तो घाट कधी पाहिला नाही. नवऱ्याच्या बसमध्ये बसायचं तर आधी घरातून निघता आलं पाहिजे.

"रिटायर झालंय की तुका पुढच्या सीटवर बसवन माझ्या घाटात न्हेतंय," असं सदा म्हणायचा. हे मी माझ्या कानांनी त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून किती वेळा ऐकलं असेल. वहिनी नुसत्या हसायच्या आणि जाताना माझ्या हातात खोबरेलाची बाटली द्यायच्या. घरच्या माडांचं, गावातल्या घाण्यावरून काढून आणलेलं तेल. नाताळच्या आधी एक बाटली तर ठरलेलीच. आमच्या घरातली नाताळाची कोंबडी त्या तेलाशिवाय झाली नाही.

सदा रिटायर झाला, सासू गेली आणि त्यानं गाडी घेतली. लाल रंगाची, टर्बो पेट्रोल, जुनी पण नीट राखलेली. जन्मभर धडधडणारी धुडं चालवलेल्या माणसाला ती गाडी म्हणजे खेळणं वाटलं. तक्रार एकच, आवाज येत नाही. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आतच असायचं. त्या धडधडीनं सदाचा डावा कान निम्मा गेला होता. मग मुलानं मस्कतहून तो शंकूसारखा फिल्टर पाठवला आणि सदा तो घेऊन माझ्याकडे आला.

"मेस्त्री, हो लाव."

"नाय."

"अरे, पोरग्यान धाडल्यान."

"कंपनीचो ठेव."

माझ्या तीन शब्दांना न बधणारं एवढंच एक गिऱ्हाईक. शेवटी आम्ही पैजेवर आलो. बांदा-दाणोली रस्त्यावर एक सरळ चढ आहे. सकाळी कंपनीच्या डब्यासकट तो चढ तिसऱ्या गिअरवर चढलो, मग परत येऊन डबा काढला, शंकू लावला आणि पुन्हा तोच चढ चढलो. सदाच्या मनगटावरचं ड्युटीचं घड्याळ माझ्या हातात. फरक पडला तो डोळ्याची पापणी लवण्याएवढा. दुपारी उन्हात गाडी तापवून पुन्हा गेलो तर शंकूवाली गाडी उलट मागे पडली. मी घड्याळ त्याच्या तोंडासमोर धरलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"पण आवाज आयकलंस? माका दोनूय कानांनी आयकाक इलो रे!"

साठीच्या माणसाचं तोंड असं उजळलेलं मी क्वचित पाहिलंय. मी हरलो आणि फिल्टर लावून दिला. कंपनीचा डबा पोत्यात बांधला, पोत्यावर 'राऊळ' लिहिलं आणि माळ्यावर टाकला. गिऱ्हाइकाची वस्तू मी फेकत नाही. फिल्टरसोबत आलेली लाल तेलाची छोटी बाटली त्या गडबडीत माझ्याच कपाटात राहिली. हे मला तेव्हा आठवलं नाही.

पुढे जानेवारीत एका संध्याकाळी सदाचा फोन आला. मी एका पिकअपखाली होतो. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, दोन्ही हात गिअरबॉक्सला लागलेले.

"मेस्त्री, फिल्टर धुवलंय. वाळलो. आता काय करू?"

"तेल लाव."

"किती?"

"थोडा. सगळीकडे."

"बरा. उद्या सुमनाक घेवन घाटात जातंय."

"जा," म्हणालो आणि फोन बंद केला.

कुठलं तेल हे मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. ज्या घराच्या मागे माड आहेत त्या घरात तेल म्हणजे कुठलं, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या घरात तेल म्हटलं की बायको खोबरेलच पुढे करते.

सदानं फिल्टरला खोबरेल लावलं. सढळ हातानं लावलं असणार, कारण त्याला कुठलंच काम कंजूषपणे करता येत नाही. गाडी नेहमीप्रमाणे मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, नारळाच्या राशीजवळ उभी केली. तेलापाण्याची तपासणी संध्याकाळीच झाली होती, म्हणून पहाटे बॉनेट उघडलं नाही. डब्यात घावणे घेतले, वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली आणि दोघं निघाली.

पुढचं मला सदानं सांगितलं. वैभववाडी मागे पडली, घाट सुरू झाला, गाडी मजेत सूं सूं करत चढत होती आणि सदा एकेक वळण दाखवत होता. माथा पाच-सहा वळणांवर राहिला असताना त्या आवाजाची एकाएकी किंकाळी झाली. गाडीचा जोर गेला, मागे निळा धूर सुटला. सदानं गाडी कडेला घेतली. तेवढ्यात खाली उतरणारी लाल बस थांबली, आणि त्यातला ड्रायव्हर सदाच्याच हाताखाली तयार झालेला.

"राऊळमामानू, काय झाला?"

सगळी बस खिडक्यांतून बघत होती. ज्या घाटात त्याची गाडी कधी बंद पडली नाही त्या घाटात, बायको शेजारी असताना, सदा कडेला उभा होता. त्यानं वहिनींना त्याच बसमध्ये चढवलं. जागा नव्हती. ठेवणीतल्या साडीत त्या वैभववाडीपर्यंत उभ्यानं खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून माझ्याकडे आणली. मी बॉनेट उघडलं आणि घाण्यावर येतो तसा वास आला. फिल्टर काढून उलटा केला. कापड एका बाजूनं कुरतडलेलं, घड्यांत उंदराच्या दोन लेंड्या, तारेची जाळी फाटलेली आणि तिचा तुकडा गायब. तो तुकडा टर्बोत जाऊन पाती मोडली होती. नारळाच्या राशीवरचा उंदीर, त्याला खोबरेलात भिजलेलं कापड मिळालं. त्या बिचाऱ्याची तरी काय चूक? कंपनीच्या बंद डब्यातल्या कोरड्या कागदासाठी तो एवढ्या खटाटोपात पडला नसता.

मला त्याच क्षणी फोन आठवला. पिकअपखालचा अंधार, खांद्यावरचा फोन आणि माझे ते दोन शब्द.

सदा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होता. आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"काय झाला, मेस्त्री?"

"जाळी तुटली," मी म्हणालो. "भायरचो माल."

लेंड्या मी फडक्यानं पुसून टाकल्या. सदानं मान हलवली. त्यानं माझं म्हणणं कधी खोटं धरलं नव्हतं, तेव्हाही धरलं नाही.

का केलं मी असं? ती दोन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला माझ्या नावाची काळजी होती. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या उलटला की खरं सांगणं जड होतं. मी टर्बो बदलला, माळ्यावरचं पोतं उतरवून कंपनीचा डबा परत बसवला आणि त्या पोत्यात तो कुरतडलेला फिल्टर बांधून पुन्हा माळ्यावर टाकला. गाडी स्वतः धुतली, पुसली, दिव्यांच्या काचासुद्धा घासल्या. न सांगितलेल्या गोष्टीची भरपाई माणूस अशी भलत्याच ठिकाणी करत बसतो.

"आता आवाज येवचो नाय," गाडी घेताना सदा म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर वहिनी त्या गाडीत बसल्या नाहीत. सदानं दोन-तीनदा घाटाचं काढलं, त्यांनी काहीतरी निमित्त सांगितलं. गाय व्यायची आहे, पाहुणे यायचे आहेत. बाजाराला जायचं तरी त्या रिक्षा करायच्या. "भियाली ती," सदा मला फोनवर म्हणाला. मी "हं" म्हणालो. त्या नाताळला शिरोड्याहून तेलाची बाटली आली नाही. पुढच्या नाताळलाही नाही. त्यांना कुठून तरी खरं कळलं असणार आणि त्या माझ्यावर रागावल्या असणार, असं मी धरून चाललो. विचारायची हिंमत झाली नाही. कोंबडी बाजारच्या तेलात झाली.

फादरना मात्र मी कुमसाराच्या वेळी, पापं सांगतात तेव्हा, हे सांगितलं. फादर म्हणाले, "हे माझ्यापाशी काय सांगतोस? माझी गाडी मोडली का?"

आणि या दोन-अडीच वर्षांत जो कोणी मोबाईलमधला तो शंकू दाखवी, त्याला मी सदाची गोष्ट सांगत राहिलो. माझ्या मित्राच्या टर्बोत जाळी गेली, घाटात अडकला बिचारा. उंदीर नाही, खोबरेल नाही, माझा फोन नाही. तो फिल्टर काही देवाची देणगी नव्हे, पण त्याच्या माथी मी जे मारलं ते त्यानं केलं नव्हतं. वेळेवर धुतला, योग्य तेल योग्य बेतानं लावलं, पाण्याधुळीत जरा सांभाळलं, तर तो वर्षानुवर्षं चालतो. पैसे आवाजाचे मोजायचे आहेत हे मात्र आधी समजून घ्यावं.

यंदा पाऊस ओसरल्यावर एक लाल गाडी माझ्या गॅरेजकडे उतरली. डाव्या दरवाजावरच्या पोच्यावरून मी ती लांबूनच ओळखली आणि सदा आला म्हणून हात पुसत बाहेर आलो. उतरला भलताच माणूस. गोव्यात हॉटेलात स्वयंपाकी होता. त्यानं मोबाईल काढला, चित्र दाखवलं आणि विचारलं, "मेस्त्री, हो लावलो तर?"

"ही गाडी राऊळांची ना?" मी म्हटलं.

"होय. दोन म्हयने झाले मी घेतलंय. मस्त ठेवल्यानी. बायको बसणा नाय म्हणान इकतंय, म्हणाले."

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. डबा, शंकू, चढ, घड्याळ, फोन, खोबरेल, उंदीर, फडकं. अर्धा तास लागला असेल. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासमोर बोलणं सोपं गेलं. ऐकता ऐकता त्यानं मोबाईल खिशात घातला. शेवटी म्हणाला, "मेस्त्री, डबो आसा तोच ऱ्हवानी. पण ह्या तुमी तेंका सांगलात?"

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी माळ्यावरचं पोतं आणि कपाटातली लाल तेलाची बाटली माझ्या जुन्या व्हॅनमध्ये टाकली आणि शिरोड्याला गेलो. सदा खळ्यात खुर्चीवर बसला होता. डोळ्यांना काळा चष्मा. वहिनी सुपात खोबऱ्याच्या वाट्या वाळत घालत होत्या. मी चहाच्या आधीच पोतं सोडलं, फिल्टर दोघांच्या मधे ठेवला आणि सांगितलं. माझ्या तोंडून एवढे शब्द त्या घरात कधीच निघाले नव्हते. सदा मधेच उठला, खुर्ची उचलली आणि उजवा कान माझ्याकडे येईल अशी वळवून पुन्हा बसला.

माझं संपल्यावर वहिनींनी फिल्टर उचलला. कुरतडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे, मेस्त्रीनू, खयचाय खोबरेल चलाचा नाय? माझाच वायट नव्हता?"

मला समजेना. "तुमचा कसा वायट असेल, वयनी?"

"ह्येंनी तेल मागल्यानी. मी इचारलंय, दुकानातला देव काय घरचा? हे म्हणाले, तूच बघ. मी चांगला म्हणान ताज्या घाण्याचा दिलंय. ताज्या तेलात पाणी ऱ्हवता कधी कधी. माका वाटला, माझ्या तेलातल्या पाण्यान गाडी बिघडली." त्यांनी फिल्टर खाली ठेवला. "घाटात वास इलो ना, तेव्हाच माका कळला होता. मी ह्येंका म्हटलंयसुद्धा, खोबरेलाचो वास येता म्हणान. त्या आवाजात ह्येंका आयकाक गेला नाय."

पुढची सीट डावीकडे. सदाचा गेलेला कानही डावा.

"मगे मी गप ऱ्हवलंय," वहिनी म्हणाल्या. "परत बसलंय आणि परत कायतरी झाला तर? म्हणान बसलंय नाय. कोणाक तेलय देवचा सोडलंय."

"माका वाटला तू भियालंस," सदा म्हणाला.

"गाडयेक कित्याक भियान?"

 सदा चष्मा काढून धोतरानं पुसत म्हणाला, "तू बसणा नाय, एकट्यान आवाज किती आयकूचो, म्हणान मी इकलंय गो."

कोपऱ्यात गाय रवंथ करत होती. मी त्या दोघांकडे बघू शकलो नाही. दोन-अडीच वर्षं एका माणसानं बायकोला भित्री समजून घालवली, आणि एका बाईनं आपल्या हातच्या तेलाला वाईट समजून. मधे मी, कमी बोलणारा. एक वाक्य जास्त बोललो असतो, 'खोबरेल नको' एवढंच, तर त्या दोघांनी तो माथा बघितला असता. फोनवर नाही तर निदान दुसऱ्या दिवशी, ते फडकं हातात घेण्याआधी. थकवा, कामाची घाई, गिअरबॉक्स, ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही पुरेसं नव्हतं.

"माझी व्हॅन आसा," मी म्हणालो. "सावकाश जाव्या. आपण तिघा."

"डॉक्टरान ह्येंका गाडी हाकूक नको सांगल्यान," वहिनी म्हणाल्या. "दोनूय डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झाल्यार बघूया."

सदानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्याच्या घाटात मी गाडी चालवायची आणि त्यानं मागच्या सीटवर बसायचं, हे त्याला पुन्हा विचारायला माझी जीभ वळली नाही. वहिनींना पुढच्या सीटवर बसवून न्यायचं वचन त्याचं होतं, माझं नव्हतं.

चहा झाला. फिल्टर आणि लाल तेलाची बाटली मी पोत्यात घातली. निघताना सदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काही वेळ तसाच राहू दिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी व्हॅन सुरू केली तेवढ्यात वहिनी आतून लगबगीनं आल्या आणि खिडकीतून एक बाटली आत दिली. वर केळीच्या पानाचं बूच, बाहेरून तेलाचे ओघळ.

"ह्या खावक हा," त्या म्हणाल्या. "गाडयेक लावू नकात."

बाटली मी डाव्या सीटवर ठेवली. बूच जरा सैल होतं. बांद्यापर्यंत व्हॅनमध्ये वास येत राहिला.